मागचं न ऐकणारा माइक

माझा स्वभाव मुळातच काळजीचा. गॅस बंद केला का, हे बघायला मी अर्ध्या जिन्यावरून परत वर येते. बंद दिसला की बघताना चुकून आपणच तो सुरू केला नाही ना, म्हणून पुन्हा एकदा वर येते. अशा बाईवर तेरा दिवसांत एक माइक निवडायची वेळ आली तर काय होतं, ते मी यंदाच्या मे महिन्यात भोगलं.

अकोल्याला माझे आईबाबा दोघंच राहतात. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, आणि त्याहून जास्त ते खंजिरी भजनाच्या मंडळाचे मुख्य गायक होते. चार महिन्यांपासून त्यांचा आवाज बसला होता. दोष आधी लोणच्याला दिला, मग कूलरच्या हवेला, मग शेजारच्या बांधकामाच्या धुळीला. शेवटी आईनं हट्टानं घशाच्या डॉक्टरांकडे नेलं आणि मलाही अमरावतीहून बोलावून घेतलं. डॉक्टरांनी नळी घालून पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूवर गाठ होती. ती काढावी लागेल, तपासायला पाठवावी लागेल, असं ते म्हणाले. आवाज पूर्वीसारखा येईल का, या प्रश्नावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "तशी हमी मी देत नाही." ऑपरेशनची तारीख पुढच्याच्या पुढच्या सोमवारची मिळाली.

आई गाठीबद्दल विचारत होती. मी मात्र विचारलं, "तोवर ते गाऊ शकतील का?" माझं मलाच नवल वाटलं. डॉक्टर म्हणाले, एखाद्या दिवशी अर्धा तास, गळ्यावर ताण न देता. शेवटचे तीन दिवस मात्र बोलणंसुद्धा बंद.

म्हणजे बाबांच्या आवाजाचा हातात असलेला साठा अर्ध्या तासाचा होता.

यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं कोणाला वाटेल. पण बाबा जी पदं म्हणतात ती बाजारात नाहीत. मंडळातल्या एका म्हाताऱ्या गवंड्यानं ती रचली होती. गवंड्याला लिहिता येत नव्हतं. भिंत बांधता बांधता तो पद जुळवायचा आणि संध्याकाळी मंडळात येऊन म्हणून दाखवायचा. तो जाऊन कितीतरी वर्षं झाली. सहाजणांच्या मंडळातले आणखी दोघं गेले, एक मुलाकडे पुण्याला राहायला गेला, एकाला आता ऐकू येत नाही, राहिले बाबा. शब्द मी मागेच लिहून घेतले होते. चाल कशी लिहून घेणार? मी विज्ञान शिकवणारी बाई, मला सा कुठला आणि रे कुठला तेही धड कळत नाही. आणि खरं सांगायचं तर पदं हे निमित्त होतं. मला बाबांचा आवाज हवा होता. लहानपणी मी ज्या आवाजानं झोपेतून उठायचे तो आवाज जगात कुठेतरी शिल्लक असायला हवा होता. गाठीचा रिपोर्ट काय येईल, याचा विचार मी करत नव्हते. तो करायची माझी ताकद नव्हती, म्हणून मी सगळी भीती माइकवर नेऊन घातली.

त्याच दुपारी फोनवर रेकॉर्ड करून बघितलं. बाबांनी एकच ओळ हळू गुणगुणली, वर खंजिरीवर चार थापा दिल्या. कूलर सुरू होता. अकोल्यात मे महिन्यात दुपारी कूलर बंद करणं म्हणजे माणूस भट्टीत घालणं. ऐकलं तर कूलर खणखणीत आला होता, बाबा कुठेतरी त्याच्या आत बसले होते, आणि फोननं शहाणपणा करून खंजिरी गाळूनच टाकली होती. फोन काही कामाचा नाही, हे तिथंच कळलं.

मी अमरावतीला परतले. शाळेला सुटी होती, त्यामुळे काळजी करायला अख्खा दिवस मोकळा होता. घरी गाणं रेकॉर्ड करायला स्वस्तातला चांगला माइक कुठला, एवढाच माझा प्रश्न. त्याला उत्तरं इतकी मिळाली की डोकं भणभणलं. एक जण एका माइकची स्तुती करायचा, त्याच माइकखाली दुसरा लिहायचा की तिसऱ्या दिवशी बंद पडला. कोणी म्हणे कंडेन्सर घ्या, तो बारीकसारीक सगळं ऐकतो. कोणी म्हणे घरात कंडेन्सर नकोच, तो पालीची चुकचूकही ऐकतो. कोणी म्हणे डायनॅमिक घ्या, तो जवळचं तेवढंच घेतो, पण मग त्याला लॅपटॉपशी जोडायला वेगळी पेटी लागेल. एक स्वस्त कंडेन्सर मी मागवणारच होते, तेवढ्यात कुठेतरी खाली बारीक अक्षरांत वाचलं की त्याला वेगळी वीज पुरवणारी पेटी नसेल तर तो मुकाच राहतो. मागवला असता तर? बाबा गायले असते आणि आत काहीच गेलं नसतं तर?

मी वही केली. रकाने पाडले. पाच दिवस गेले आणि वहीत चौदा माइक झाले. नवरा शांत माणूस आहे. तो वही बघून म्हणाला, "मले पसंत करायले तुले वीस मिंटं लागली व्हती."

"तुमच्याखाली कोनी तक्रार लिहिली नव्हती म्हणून," मी म्हटलं. एरवी मी हसले असते. त्या दिवशी मला रडू आलं, आणि तो बिचारा वही मिटून ठेवून चहा करायला गेला.

सातव्या दिवशी मी राजकमल चौकाजवळच्या एका दुकानात गेले. दुकान वाद्यांचं, पण गिऱ्हाईक सगळं डीजेवाल्यांचं. दुकानदारानं मला विचारलं, "कोनाले गायचं हाय, मॅडम? तुमाले का लेकराले?"

"बाबांना. खंजिरी भजन."

"मंग तं साधा हातातला माइक न्या न. भजनवाल्यायचा हात बसेल असते त्याच्यावर."

त्यानं काढून दाखवला, जाळीच्या डोक्याचा, मंडळात असतो तसाच. हे पहिल्याच वाक्यात मिळालेलं शहाणपण होतं. पण सात दिवस वाचून वाचून मी अतिशहाणी झाले होते. त्याला पेटी लागेल का, लॅपटॉपला सरळ जोडता येतो का, असं मी विचारत सुटले. पेटी लागणार होती. पेटी म्हटलं की मला मुका माइक आठवला. मी नको म्हटलं. मग त्यानं दुसरा काढला, उभा, जाडसर, खाली तीन पाय, वायर सरळ लॅपटॉपला लावायची. चालू आहे हे कळायला पुढे बारीकसा हिरवा दिवा.

"याचं तोंड वरतं नसते, बाजूले असते," तो म्हणाला. "आन् हा मांगचं आयकत नाई. समोरचं तेवढं घेते."

"म्हणजे मागे स्वयंपाकघर असलं तर?"

"असू द्या न."

"भांडी वाजली तर? कुकरची शिट्टी?"

"मॅडम, मांगं बँडबाजा लावला तरी समोरचा मानूसच आयकू येईन." दुकानदार जरा जास्तच बोलला, पण माझ्या कानाला तेच हवं होतं. माझ्या माहेरचं घर म्हणजे समोर एक लांब खोली आणि तिला लागून स्वयंपाकघर, मधे दारसुद्धा नाही, नुसती चौकट. आणि आईचा हात कधी रिकामा नसतो. काही घासत असते, निवडत असते, नाहीतर ठेवलेला डबा उचलून दुसरीकडे ठेवत असते. या साऱ्यात मला सगळ्यात जास्त धास्ती होती ती आईच्या आवाजाची. मी त्याच क्षणी तो माइक घेतला. सात दिवसांत पहिल्यांदा मला नीट श्वास आला.

घरी येऊन दिवा माझ्याकडे ठेवून बोलून बघितलं. आवाज इतका जवळचा आला की मी दचकलेच. नवऱ्याला मागे उभं करून बोलायला लावलं. तो दूर विहिरीतून बोलल्यासारखा आला. मी वहीत लिहिलं: तोंड बाजूला. मागचं ऐकत नाही. आणि दोन्ही वाक्यांखाली रेघ मारली.

बुधवारी सकाळच्या गाडीनं अकोल्याला निघाले. माइकचं खोकं मांडीवर धरून बसले होते. मूर्तिजापूरला एका बाईनं विचारलं, यात काय हाय. मी माइक म्हटल्यावर तिनं मला गाऊन दाखवायला सांगितलं. मी खोकं आणखी घट्ट धरलं.

ऑपरेशन सोमवारी, शुक्रवारपासून तोंड बंद. म्हणून गुरुवारची पहाट धरली. पहाटे उजाडताना कूलर बंद ठेवता येतो, रस्त्यावर वाहनं नसतात, घंटागाडी यायला अवकाश असतो. मी वाचलं होतं की रिकाम्या भिंती आवाज परत फेकतात, म्हणून बुधवारी संध्याकाळी आईच्या सगळ्या वाकळी काढून बाबांच्या बैठकीमागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगल्या.

"भितीले थंडी वाजून राहिली का व?" आई म्हणाली.

मी तिला काही समजावत बसले नाही. उलट बजावलं. उद्या अर्धा तास भांड्याला हात लावायचा नाही. खोकला आला तर मागच्या अंगणात जायचं. तिनं मान हलवली. मग मला आठवलं आणि विचारलं, नळाची पाळी कधी आहे?

"उद्याच," आई म्हणाली.

ज्यांच्याकडे नळ रोज येतो त्यांना हे कळणार नाही. आमच्याकडे पाळी असते, आणि पाळीच्या दिवशी पाणी आलं रे आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात. पाणी कधी येईल याला काही धरबंध नाही. पाचला येईल, आठला येईल. मी शेजारी जाऊन, उद्या सहा वाजेपर्यंत मोटर लावू नका, म्हणून हात जोडले. शेजारीण म्हणाली, "लावत नाई, पन पानी गेलं तं तुमी देसान का?" मी हो म्हटलं.

गुरुवारी पहाटे सगळं मांडलं. बाबा वाकळींना पाठ करून, स्वयंपाकघराकडे तोंड करून बसले. त्यांच्यासमोर हातभरावर स्टुलावर माइक. माइकच्या अलीकडे लॅपटॉप घेऊन मी, आणि माझ्यामागे स्वयंपाकघर. बाबांनी टोपी घातली होती, पांढरा शर्ट घातला होता, जसं काही मंडळ बसायचं आहे. त्यांनी माइककडे थोडा वेळ बघितलं.

"याले दांडा काहून नाई?"

"हा घरचा माइक आहे, बाबा."

त्यांनी तो सरळ उचलला, ओठांशी नेला, वरून दोन फुंकरा मारल्या आणि म्हणाले, "हॅलो. हॅलो. माइक टेस्टिंग." चाळीस वर्षं दर कार्यक्रमाच्या आधी ते हेच करत आले. लॅपटॉपवरची आवाजाची रेघ एकदम वर उडाली. मी ओरडले, "फुंकू नका!" त्यांच्या हातून तो काढून घेतला आणि वरून नाही, बाजूनं गायचं असतं, हे शिकवणाऱ्या बाईच्या थाटात समजावलं. तो पुन्हा स्टुलावर ठेवला. हिरवा दिवा माझ्याकडे केला, म्हणजे माइक बंद पडला तर मला लगेच कळेल.

पहिली ओळ आली. सकाळी त्यांचा आवाज थोडा मोकळा असतो. कडेला खरखर होती, पण तो तोच आवाज होता, वर जाताना किंचित थांबून मग झेप घेणारा. मी श्वास धरून रेघ बघत होते.

आणि बाबा थांबले.

खंजिरी सुरू होती, आवाज बंद. मला वाटलं गळा गेला. मी हातानं पुढे म्हणा अशी खूण केली. त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली आणि पुन्हा थांबले. मान मागे वळवून वाकळींकडे बघितलं. ते शब्द विसरले असं मला वाटलं. मी वही उघडून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती बाजूला सारली.

"झील कोन देईन?" ते म्हणाले.

भजनात मुख्य गायक ओळ म्हणतो आणि मागे बसलेले तीच ओळ उचलून धरतात, ती झील. झील येईपर्यंत गाणाऱ्याला श्वास मिळतो, पुढची ओळ आठवते, आणि आपण म्हटलेलं कोणीतरी घेतलं हे कळतं. हे मी जन्मापासून ऐकत आले होते. चौदा माइक तपासले, वाकळी टांगल्या, शेजारणीला पाणी कबूल केलं, पण झीलकरी लागतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला फक्त बाबांचा आवाज हवा होता ना.

"झील नोको, बाबा. तुमी एकलेच म्हना."

"एकल्याचं भजन नसते, बाई."

तरी माझ्यासाठी त्यांनी तिसऱ्यांदा घेतलं. ओळ संपली, खंजिरी अडखळली, चाल सुटली. अर्ध्या तासातली सात मिनिटं गेली होती. ते शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसत होते, कारण पंखाही मी बंद करायला लावला होता. कुठल्याही क्षणी मोटरी सुरू होतील म्हणून माझे कान गल्लीकडे लागले होते. मला राग आला, स्वतःचा, नळाचा, त्या गाठीचा.

त्यांनी चौथ्यांदा ओळ घेतली, आणि ओळ संपताच माझ्या पाठीमागून झील आली.

मी डोळे वटारून मागे वळले. आई चौकटीत उभी होती, एका हातानं पदर धरलेला. माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती बाबांकडे बघत होती, आणि तिनं ओळ पुरी लावली, जिथं सोडायची तिथं सोडली. बाबांनी तिच्या शेवटच्या अक्षरावरच पुढची ओळ उचलली. चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला. मी पुन्हा रेघेकडे वळले. आई हळूच पुढे येऊन माझ्या शेजारी, माइकसमोर मांडी घालून बसली. मला आठवलं की लहानपणी बाबा समोरच्या खोलीत सराव करायचे तेव्हा आत भाकरी थापता थापता आई झील द्यायची. आम्ही त्याला गाणं म्हणतच नव्हतो. घरात होणाऱ्या इतर आवाजांसारखाच तो एक.

चार पदं झाली. पाचव्याच्या मध्यावर बाबांचा आवाज चिरला आणि त्यांनी हात वर केला. बरोबर त्याच वेळी गल्लीत पहिली मोटर सुरू झाली. मी रेकॉर्डिंग बंद केलं, फाइल लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर आणि अमरावतीला नवऱ्याच्या फोनवर पाठवून अशी तीन ठिकाणी ठेवली. ऐकली मात्र नाही. आता ते दुसऱ्यांदा गाणार नव्हते. खराब आली असती तर ते मला त्या दिवशी सोसलं नसतं. शेजारणीला मी चार बादल्या पाणी नेऊन दिलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. रिपोर्ट हातात आला तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरीसारखी रडले. आवाजही आला, बोलण्यापुरता, जाड आणि बसका. वर जाणारी झेप मात्र गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणतात एवढ्यावर समाधान माना, आणि आम्ही मानतो.

हे सगळं नंतरचं. ऑपरेशननंतर दहा दिवस बाबांना पूर्ण मौन होतं. मी शाळेतली पाटी-पेन्सिल आणून दिली होती. कुजबुजही चालणार नव्हती. दिवसभर ते खाटेवर बसून पाटीवर लिहायचे: चहा. पेपर. कूलरमंधी पानी टाक. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी लिहिलं: "ते लाव."

ते म्हणजे काय हे विचारायची गरज नव्हती. रिपोर्ट अजून आला नव्हता. नवऱ्याचा मोठा स्पीकर मी अमरावतीहून आणला होता, तो लावला, कूलर बंद केला आणि अडखळलेली पहिली सात मिनिटं सोडून पुढून सुरू केलं.

आधी बारीक टपटप ऐकू आली. त्या पहाटे स्वयंपाकघरातला टाकीचा नळ गळत होता. मग खंजिरी, दूर, दोन घरं पलीकडे कोणी वाजवावी तशी. मग बाबा. शब्द कळत होते, पण आवाज जणू वाकळींच्या मागून येत होता. मी आवाज वाढवला, तशी टपटप वाढली. आणि मग झील आली. भरून आली. खोलीच्या मधोमध कोणी येऊन बसावं इतकी जवळ, श्वासासकट, बांगडीच्या किणकिणीसकट.

मला एका क्षणात सगळं कळलं. हिरवा दिवा होता तीच माइकची पुढची बाजू. मी ती बाबांकडे करायच्या ऐवजी माझ्याकडे केली होती. स्वयंपाकघराकडे केली होती. जो माइक आईचं काही ऐकणार नाही म्हणून मी घेतला, त्यानं आईच ऐकली होती. आणि बाबा माइकच्या मागे बसून आपला शेवटचा आवाज गायले होते.

"बाबा, मी उलटा ठेवला," मी म्हटलं. "माझी चूक झाली. सगळं गेलं." मी बंद करायला हात पुढे केला. बाबांनी माझं मनगट धरलं आणि मान हलवली. बंद करू दिलं नाही.

तेवढ्यात आई ओले हात पुसत बाहेर आली. ती चौकटीत उभी राहून ऐकू लागली. पहिलं पद संपलं.

"कोन व ही बाई?" तिनं विचारलं. "मोठी खनखनीत गाते."

"आई, तूच आहेस."

"मी? काहीतरीच." तिला ते खरं वाटेना. साठ वर्षांच्या आयुष्यात तिनं स्वतःचं गाणं एकदाही ऐकलं नव्हतं. ती स्पीकरच्या जवळ गेली, वाकून त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग आपसूकच तिचा हात गळ्याकडे गेला.

बाबा पाटीवर लिहीत होते. बराच वेळ लिहिलं, थोडं पुसलं, पुन्हा लिहिलं. पाटी माझ्यासमोर न धरता आईसमोर धरली.

"चष्मा आत हाय," आई म्हणाली. "काय लिहिलं, वाच न व."

मी वाचलं. "चाळीस वर्सं तुही झील मांगून आयकली. आज समोरून आयकली."

आईनं माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. "बह्याड मानूस, येडा कुठला," ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसत आत गेली. आत बराच वेळ कसलंही भांडं वाजलं नाही.

बाबांनी पाटी तळहातानं पुसली आणि या वेळी माझ्यासाठी लिहिलं: "पुन्ना लाव."